छतावरच्या उन्हाचा हिशेब

१९५६ साली अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेत डॅरिल चॅपिन यांनी एक साधा हिशेब मांडला. सौरघटांपासून एक वॅट वीज मिळवायला तेव्हा २८६ डॉलर खर्च येत होता. सर्वसाधारण अमेरिकन घराची गरज भागेल एवढा संच छतावर बसवायचा, तर घरमालकाला १४ लाख ३० हजार डॉलर मोजावे लागणार होते. त्या काळी एका डॉलरला पावणेपाच रुपये पडत. म्हणजे आपल्या चलनात सुमारे ६८ लाख रुपये झाले, आणि तेही १९५६ सालचे! चॅपिन हे सिलिकॉनच्या सौरघटाच्या तीन निर्मात्यांपैकी एक. आपला शोध घराघरांत पोचायला किती अवकाश आहे, हे त्यांनी स्वतःच आकड्यांत मांडून दाखवले.

वरच्या दोन आकड्यांचा भागाकार केला, तर तो संच पाच किलोवॅटचा होता असे दिसते. आज महाराष्ट्रातील एखाद्या घराच्या गच्चीवर तेवढाच संच साधारणपणे तीन लाख रुपयांच्या आसपास बसतो. सत्तर वर्षांत एवढा फरक कसा पडला? विज्ञान पुढे गेले, हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. वस्तू महाग असतानाही ती कोणी तरी विकत घ्यावी लागते. घेणारा नसेल तर कारखाना उभा राहत नाही, आणि कारखाना नसेल तर किंमत उतरत नाही. मग अतिशय महाग असताना सौरघट विकत घेणारे हे लोक कोण होते? त्यांना ते कसे परवडले?

या प्रश्नाचा माग काढला की दोन गोष्टी वारंवार समोर येतात. पहिली : 'परवडते का?' या प्रश्नाला 'कशाच्या तुलनेत?' हे विचारल्याशिवाय उत्तर नाही. दुसरी : ऊन फुकट असले तरी पंचवीस वर्षांचे ऊन आगाऊ विकत घ्यावे लागते. तो आगाऊ पैसा कोण घालतो, यावर बचत कोणाच्या पदरात पडणार हे ठरते. आपण हा इतिहास या दोन गोष्टी मनात ठेवून पाहू.

सेलेनियम ते सिलिकॉन

प्रकाशापासून वीज मिळते, हे १८३९ साली कळले. फ्रान्समधील एडमंड बेकरेल तेव्हा अवघ्या एकोणीस वर्षांचे होते. वडिलांच्या प्रयोगशाळेत काम करत असताना, द्रावणात बुडवलेल्या विद्युत्‌अग्रांवर प्रकाश पडला की प्रवाह वाहतो, असे त्यांना आढळले. १८७६ मध्ये इंग्लंडमध्ये अ‍ॅडम्स आणि डे या दोघांनी सेलेनियम या घन पदार्थात हाच परिणाम दाखवला. १८८३ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स फ्रिट्स यांनी सेलेनियमच्या थरावर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा देऊन घट बनवले. त्यांवर पडणाऱ्या प्रकाशऊर्जेचा एक टक्काही विजेत उतरत नव्हता. सोने आणि सेलेनियम वापरून एक टक्क्याहून कमी वीज मिळवायची, म्हणजे तो खेळ श्रीमंताचाच. त्यामुळे हे घट प्रकाश मोजण्याच्या उपकरणांपुरतेच राहिले.

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल कंपनीपुढे एक व्यावहारिक अडचण होती. उष्ण आणि दमट प्रदेशांत टेलिफोनच्या दूरच्या केंद्रांवर वापरल्या जाणाऱ्या कोरड्या बॅटऱ्या लवकर खराब होत. त्यांना पर्याय शोधण्याचे काम चॅपिन यांच्याकडे आले. त्यांनी आधी सेलेनियम वापरून पाहिले, पण हाती फारसे काही लागले नाही. त्याच संस्थेत केल्व्हिन फुलर आणि जेराल्ड पिअर्सन हे सिलिकॉनवर काम करत होते. शुद्ध सिलिकॉनमध्ये अत्यल्प प्रमाणात दुसरी मूलद्रव्ये मिसळून त्याचे विद्युत गुणधर्म कसे बदलायचे, याचे तंत्र फुलर यांनी बसवले होते.

हे तंत्र वर्गात असे सांगता येईल. सिलिकॉनच्या एका थरात आर्सेनिक मिसळले की त्यात मोकळे इलेक्ट्रॉन जास्त होतात. दुसऱ्या थरात बोरॉन मिसळले की इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा जास्त होतात. हे दोन थर जिथे भेटतात त्या सीमेवर आपोआप एक विद्युतक्षेत्र तयार होते. प्रकाशामुळे सुटा झालेला इलेक्ट्रॉन या क्षेत्रामुळे एका बाजूला ढकलला जातो आणि बाहेरच्या तारेतून फिरून परत येतो. यात काही जळत नाही, काही फिरत नाही आणि काही झिजत नाही. त्यामुळे एकदा बसवल्यावर त्याला रोजचा खर्च जवळजवळ नसतो.

२५ एप्रिल १९५४ रोजी बेल प्रयोगशाळेने हा घट जगापुढे ठेवला. त्याची कार्यक्षमता सुमारे सहा टक्के होती. वर्तमानपत्रांनी मोठे मथळे दिले. पुढच्याच वर्षी जॉर्जिया राज्यातील अमेरिकस या गावाजवळ ग्रामीण टेलिफोनच्या तारेवर सौरघटांची चाचणी झाली. तांत्रिकदृष्ट्या ती यशस्वी ठरली, पण खर्चाच्या बाबतीत फसली. सिलिकॉन वाळूत भरपूर असते आणि वाळू स्वस्त असते, हे खरे. परंतु वाळूतून सिलिकॉन वेगळे करणे, ते कमालीचे शुद्ध करणे, त्याचा एकसंध स्फटिक वाढवणे आणि त्याच्या पातळ चकत्या कापणे यांतली प्रत्येक पायरी महाग होती.

जिथे बॅटरी त्याहून महाग होती

पहिले खरे गिऱ्हाईक मिळाले ते अंतराळात. १७ मार्च १९५८ रोजी अमेरिकेने 'व्हॅन्गार्ड-१' हा दीड किलो वजनाचा छोटा उपग्रह सोडला. त्यात दोन प्रक्षेपक होते. एक पाऱ्याच्या बॅटरीवर चाले आणि दुसरा सहा सौरघटांवर. बॅटरीवरचा प्रक्षेपक त्याच वर्षी गप्प झाला. सौरघटांवरचा मात्र १९६४ पर्यंत संदेश पाठवत राहिला. उपग्रहावर जाऊन बॅटरी बदलणे शक्य नव्हते, त्यामुळे वॅटला शेकडो डॉलर हा भावही तिथे मान्य झाला.

जमिनीवरचे गिऱ्हाईक यायला आणखी पंधरा वर्षे लागली. एलियट बर्मन या रसायनशास्त्रज्ञाने एक्सॉन या तेल कंपनीच्या पैशातून १९७३ मध्ये 'सोलर पॉवर कॉर्पोरेशन' ही कंपनी सुरू केली. अंतराळासाठी लागणारा घट हलका आणि निर्दोष असावा लागे. जमिनीवर त्याची एवढी जरुरी नव्हती. बर्मन यांनी इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांनी नाकारलेल्या सिलिकॉनच्या चकत्या घेतल्या, त्या गोल आकारातच वापरल्या आणि त्यांचे आवरणही साधे केले. वॅटचा भाव सुमारे शंभर डॉलरवरून वीस डॉलरवर आला.

वीस डॉलर हा भावसुद्धा घरासाठी फारच जास्त होता. पण मेक्सिकोच्या आखातात तेलाचे फलाट होते. त्यांच्यावर जहाजांना इशारा देणारे दिवे आणि भोंगे लावावे लागत. त्यांच्या जड बॅटऱ्या संपल्या की बोट आणि माणसे पाठवून त्या बदलाव्या लागत. बॅटरीच्या किमतीपेक्षा ही फेरी महाग पडे. त्यामुळे सौर पॅनेल तिथे चटकन परवडले. पुढे समुद्रातील बोयांवरचे दिवे, आडरानातले रेल्वे सिग्नल आणि डोंगरमाथ्यावरची दूरसंचार केंद्रे यांनीही ती घेतली. तेलाच्या धंद्याने सौरविजेला तिच्या बाल्यात हात दिला, हा योगायोग मुलांना सांगण्यासारखा आहे.

भारतातही या काळात सुरुवात झाली होती. साहिबाबाद येथील 'सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड' या सरकारी कंपनीने १९७७ मध्ये देशातला पहिला सौरघट आणि १९७८ मध्ये पहिले सौर पॅनेल तयार केले. अपारंपरिक ऊर्जेसाठी केंद्र सरकारचा स्वतंत्र विभाग १९८२ मध्ये स्थापन झाला आणि १९९२ मध्ये त्याचे मंत्रालय झाले.

कंदिलाशी तुलना

आता घराकडे येऊ. ज्या घरापर्यंत विजेची तारच पोचलेली नाही, तिथे सौरविजेची तुलना वीजबिलाशी होत नाही, ती रॉकेलच्या बाटलीशी होते. २००१ च्या जनगणनेत भारतातील सुमारे ४३ टक्के घरे उजेडासाठी रॉकेल वापरत होती. रॉकेल बाजारातल्या इतर इंधनांपेक्षा स्वस्त वाटे, कारण त्यावर सरकारी अनुदान होते. पण वातीच्या ज्योतीतली बहुतेक ऊर्जा उष्णतेत जाते. त्यामुळे उजेडाच्या मापात मोजले तर रॉकेलचा उजेड अतिशय महाग असतो. चिमणीच्या उजेडात अभ्यास करणाऱ्या मुलाला मिळणारा प्रकाश आणि त्याच्या फुप्फुसात जाणारा धूर यांचा हिशेब तर कोणत्याच वहीत नसतो.

केनियात १९८०च्या दशकात एक वेगळीच गोष्ट घडली. तिथले अनेक ग्रामीण लोक मोटारीच्या बॅटरीवर दूरदर्शन संच आणि दिवा चालवत आणि ती बॅटरी भारित करायला गावच्या बाजारात नेत. प्रत्येक खेपेला भाडे आणि भारणीचे पैसे जात. १९८४ मध्ये तिथल्या एका माध्यमिक शाळेत सौर दिवे लागले. ते पाहून शिक्षकांनी आणि चहा-कॉफी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या घरांसाठी छोटी पॅनेल घ्यायला सुरुवात केली. सरकारी अनुदान फारसे नसताना पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तिथल्या हजारो घरांत असे संच पोचले. ही पॅनेल परवडली, कारण बॅटरीची ने-आण वाचली.

कर्नाटकात १९९५ मध्ये हरीश हंडे आणि नेव्हिल विल्यम्स यांनी 'सेल्को' ही कंपनी सुरू केली. त्यांच्यापुढचा मुख्य प्रश्न पैशाच्या वेळेचा होता. हंडे यांनी अनेकदा सांगितलेली एक गोष्ट आहे. एका विक्रेतीला महिन्याला तीनशे रुपये भरणे जड वाटत होते, पण रोजचे दहा रुपये ती सहज देऊ शकत होती. गणिताच्या दृष्टीने दोन्ही रकमा सारख्याच आहेत. परंतु जिची कमाई रोजची आणि खर्चही रोजचा, तिच्या दृष्टीने त्या सारख्या नाहीत. गरीब घर रॉकेल बाटलीने विकत घेते. पॅनेल मात्र बाटलीने मिळत नाही. पंचवीस वर्षांचा उजेड एकदम घ्यावा लागतो. म्हणून सेल्कोने ग्रामीण बँकांना पटवून असे संच घेण्यासाठी कर्जाची सोय केली आणि हप्ते गिऱ्हाइकाच्या कमाईला जुळवून घेतले. या कामासाठी हंडे यांना २०११ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

अशा छोट्या संचांत एक छुपा खर्च होता, तो बॅटरीचा. पॅनेल वीस-पंचवीस वर्षे टिकते, पण शिसे-आम्लाची बॅटरी साधारणपणे तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते. संचाच्या आयुष्यभराचा हिशेब केला तर पॅनेलपेक्षा बॅटऱ्यांवर अधिक पैसे जातात. आपल्या खेड्यापाड्यांत अनुदानातून बसवलेले कितीतरी सौर कंदील आणि रस्त्यावरचे दिवे बॅटरी संपल्यावर तसेच पडून राहिले, त्यामागे हेच कारण आहे. पहिल्या दिवसाच्या खर्चाची तरतूद होती, चौथ्या वर्षाच्या खर्चाची नव्हती.

पुढे मदत आली ती दिव्याकडून. १९९०च्या दशकात निळा एलईडी तयार झाला आणि त्यातून पांढऱ्या उजेडाचे एलईडी आले. साठ वॅटच्या जुन्या बल्बएवढा उजेड सुमारे नऊ वॅटमध्ये मिळू लागला. उजेडासाठी लागणारे पॅनेल आणि बॅटरी एकदम सहा-सात पटींनी लहान झाले. वीज स्वस्त होण्याइतकेच विजेची गरज कमी होणेही महत्त्वाचे असते, हे यावरून दिसते.

मीटर उलटे फिरू लागले

ज्या घरात वीज आधीपासून आहे, तिथे पॅनेल कशासाठी लावायचे? इथे तुलना वीज कंपनीच्या दराशी होते आणि ती सर्वांत कठीण. त्यात आणखी एक अडचण होती. ऊन दुपारी असते आणि घरातला वापर संध्याकाळी. बॅटरी ठेवली तर खर्च वाढतो. यावर एक सोपा उपाय निघाला. दुपारची जादा वीज कंपनीच्या तारेत सोडायची आणि रात्री तितकीच परत घ्यायची. जुन्या पद्धतीचे मीटर अशा वेळी चक्क उलटे फिरे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने १९८३ मध्ये याला कायद्याचे रूप दिले. आपण आज ज्याला नेट मीटरिंग म्हणतो, त्याची ही सुरुवात.

जर्मनीने १९९० मध्ये 'हजार छपरे' हा कार्यक्रम हाती घेतला. त्यात प्रत्यक्षात दोन हजारांहून अधिक घरांवर संच बसले आणि खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलला. जपानने १९९४ मध्ये घरांसाठी अनुदान सुरू केले. तेव्हा तिथे एका किलोवॅटचा घरगुती संच सुमारे वीस लाख येनांना पडे. २००५ पर्यंत ही किंमत सात लाखांच्या आत आली. अनुदान दरवर्षी थोडे थोडे कमी करत नेले आणि शेवटी बंद केले, ही त्या योजनेतली शहाणपणाची गोष्ट.

२००० साली जर्मनीने वेगळा मार्ग घेतला. छतावर तयार होणाऱ्या प्रत्येक युनिटला वीस वर्षे ठरलेला चढा भाव देण्याचा कायदा केला. सुरुवातीचा भाव युनिटला ९९ फेनिग, म्हणजे सुमारे अर्धा युरो होता. एवढी हमी मिळाल्यावर बँका कर्ज देऊ लागल्या आणि लाखो छपरे निळी-काळी झाली. पण हा पैसा आला कुठून? तो सर्व वीजग्राहकांच्या बिलांवर अधिभार म्हणून बसला. ज्याच्याकडे स्वतःचे छप्पर नाही, असा भाडेकरूसुद्धा तो भरत होता. अखेर जुलै २०२२ मध्ये ग्राहकांच्या बिलावरचा हा अधिभार काढून टाकण्यात आला.

जर्मन ग्राहकाने भरलेल्या या पैशाचा फायदा साऱ्या जगाला मिळाला. ऑस्ट्रेलियात मार्टिन ग्रीन यांच्याकडे संशोधन केलेले शी झेंगरोंग यांनी २००१ मध्ये चीनमध्ये 'सनटेक' ही कंपनी काढली. युरोपातली मागणी आणि चीनमधले प्रचंड कारखाने यांची सांगड बसली. या उद्योगात एक ढोबळ नियम अनुभवाला आला आहे. जगात आजवर बनलेल्या पॅनेलांची एकूण संख्या दुप्पट झाली की त्यांची किंमत सुमारे वीस टक्क्यांनी उतरते. रिचर्ड स्वॉन्सन यांच्या नावाने तो ओळखला जातो. हा निसर्गाचा नियम नव्हे. हजारो अभियंत्यांनी चकती थोडी पातळ केली, थोडे चांदीचे प्रमाण घटवले, थोडी वाया जाणारी भुकटी वाचवली, त्या सगळ्याची ही बेरीज आहे. २०१९ च्या सुमारास वॅटचा भाव ४० सेंटच्या आसपास होता आणि २०२४ मध्ये तो २० सेंटच्याही खाली गेला. चॅपिन यांचे २८६ डॉलर आठवा!

एकाच गल्लीतली तीन घरे

भारतात जानेवारी २०१० मध्ये राष्ट्रीय सौर मोहीम सुरू झाली. २०१५ मध्ये तिचे लक्ष्य वाढवून २०२२ पर्यंत एक लाख मेगावॅट करण्यात आले. त्यातले ४० हजार मेगावॅट छतांवर यायचे होते. मोठे सौर प्रकल्प झपाट्याने उभे राहिले, पण छतांचे लक्ष्य बरेच मागे राहिले. महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाने नेट मीटरिंगचे नियम २०१५ मध्ये केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने एक कोटी घरांसाठी 'पीएम सूर्यघर' योजना आणली. तीत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान ठरले.

आता प्रत्यक्ष हिशेब करू. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. दर बदलत असतात, म्हणून आपण गोळाबेरीज आकडे धरू. पहिल्या १०० युनिटांना युनिटमागे ६ रुपये, पुढच्या २०० ला १२ रुपये आणि त्यापुढे १६ रुपये. एक किलोवॅटचा संच महिन्याला सरासरी १०० युनिट देतो असे समजू. पावसाळ्यात कमी आणि उन्हाळ्यात जास्त. संचाची किंमत एक किलोवॅटला ७० हजार, दोनला १ लाख ३० हजार आणि तीनला १ लाख ८० हजार रुपये धरू. लहान संच त्या मानाने महाग पडतो, कारण मजुरी, तारा आणि कागदपत्रे यांचा खर्च फारसा कमी होत नाही.

पहिल्या घराचा वापर महिन्याला ९० युनिट आहे. बिल ५४० रुपये. एक किलोवॅटच्या संचाने वर्षाला ६,४८० रुपये वाचतात. अनुदान वजा जाता खर्च ४० हजार. तो भरून यायला सहा वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो.

दुसऱ्या घराचा वापर २०० युनिट आहे. बिल १,८०० रुपये. दोन किलोवॅटच्या संचाने वर्षाला २१,६०० रुपये वाचतात. खर्च ७० हजार. सुमारे सव्वातीन वर्षांत फिटतो.

तिसऱ्या घरात वातानुकूलन यंत्र आहे आणि वापर ४०० युनिट. बिल ४,६०० रुपये. तीन किलोवॅटच्या संचाने वरचे ३०० युनिट वाचले की बिल ६०० रुपयांवर येते. वर्षाची बचत ४८ हजार रुपये. खर्च १ लाख २ हजार. दोन वर्षांहून थोड्याच अधिक काळात पैसे वसूल!

गल्ली एकच, ऊन एकच, पॅनेलही त्याच कारखान्यातले. तरी पहिल्या घराला जे सहा वर्षांत जमते ते तिसऱ्याला दोन वर्षांत. कारण सौरवीज आधी सर्वांत वरच्या, महाग टप्प्यातले युनिट वाचवते. अनुदान मुळीच नसते, तरी तिसऱ्या घराचे पैसे पावणेचार वर्षांत वसूल झाले असते. पहिल्या घराला मात्र जवळपास अकरा वर्षे लागली असती. गंमत अशी, की अनुदानाची सर्वांत मोठी रक्कम तिसऱ्या घराला मिळते आणि सर्वांत लहान पहिल्याला. अनुदान कोणाला किती द्यावे, हा प्रश्न त्यामुळे भौतिकशास्त्राचा राहत नाही.

आणखी एक गोष्ट. वरच्या टप्प्यातले ग्राहक चढा दर भरतात, त्यातूनच खालच्या टप्प्याचा दर कमी ठेवता येतो. असे ग्राहक छतावरच्या विजेमुळे बाहेर पडू लागले, तर तारा, खांब आणि रोहित्रे यांचा खर्च उरलेल्यांवर येईल. रात्री वीज तर सर्वांनाच हवी असते. नेट मीटरिंगचे नियम जगभर ठिकठिकाणी पुन्हा लिहिले जात आहेत, त्यामागे हा पेच आहे.

हिशेबाच्या कडेला राहणारे खर्च

जाहिरातीत सहसा न दिसणारे काही खर्चही ध्यानात घेऊ. पॅनेल पंचवीस वर्षे चालते, पण दरवर्षी त्याची क्षमता सुमारे अर्धा टक्का घटते. इन्व्हर्टर साधारण दहा-बारा वर्षांनी बदलावा लागतो. धूळ बसली की उत्पादन उतरते, तेव्हा पाणी आणि मेहनत लागते. बिलातला स्थिर आकार पॅनेल लावल्यावरही भरावाच लागतो. वर्षअखेरीस उरलेल्या युनिटांना मिळणारा भाव आपण भरतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो, म्हणून गरजेपेक्षा मोठा संच बसवण्यात फायदा नाही. शेजारी उंच इमारत उभी राहिली आणि सावली पडू लागली, तर सगळाच हिशेब बदलतो. शिवाय बॅटरी नसलेला असा संच वीजपुरवठा खंडित झाला की आपोआप बंद होतो. तारेवर काम करणाऱ्या माणसाच्या सुरक्षेसाठी तसे करणे आवश्यकच आहे. 'सोलर आहे, तरी दिवे कसे गेले?' या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर हेच.

सर्वांत मोठा विसरलेला खर्च व्याजाचा. तीन किलोवॅटच्या संचाचे १ लाख ८० हजार आणि पुढे एकदा इन्व्हर्टर बदलण्याचे ४० हजार धरले, तर पंचवीस वर्षांत मिळणाऱ्या सुमारे ८५ हजार युनिटांना युनिटमागे अडीच रुपयांच्या आसपास खर्च पडतो. पण हाच पैसा सात टक्के व्याजाने उभा केला असे धरून हिशेब केला, तर युनिट जवळपास पाच रुपयांना पडते. म्हणजे सौरविजेच्या किमतीत निम्मा वाटा पैशाच्या भाड्याचा असतो! ज्याच्याजवळ शिल्लक आहे त्याला ऊन स्वस्त मिळते. सावकाराकडून कर्ज काढणाऱ्याला तेच ऊन महाग पडते. स्वस्त कर्ज हे सौरविजेच्या प्रसाराचे एक तंत्रज्ञानच आहे, असे म्हटले तर चूक होणार नाही.

वर्गासाठी

आठवी ते दहावीच्या मुलांना हा हिशेब स्वतः करता येतो. प्रत्येकाने घरचे वीजबिल आणावे. नाव आणि ग्राहक क्रमांक झाकून फक्त युनिट आणि टप्पे पाहावेत. बारा महिन्यांचा वापर आलेखात मांडावा, स्थिर आकार वेगळा काढावा आणि वरच्या रीतीने किती किलोवॅटचा संच पुरेल ते ठरवावे. मग तीन प्रश्न विचारावेत. खर्च किती वर्षांत भरून येतो? जुने बल्ब आणि पंखे बदलून वापर आधीच कमी केला तर संच किती लहान होतो? आणि वर्गातील कोणकोणत्या घरांना स्वतःचे छप्परच नाही? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना भाड्याची खोली, चाळ, मोठी सोसायटी, पत्र्याचे कच्चे घर असे सगळे पुढे येईल. त्यांच्यासाठी काय करता येईल, यावर मुलांना बोलू द्यावे. शाळेच्या छतावरची वीज वस्तीत वाटून घेता येईल का, अशा सूचना ती नक्की करतील.

चॅपिन यांच्या गुणाकारात एका वॅटची किंमत आणि घराची गरज असे दोनच आकडे होते. त्यांतला पहिला आकडा पुढच्या सत्तर वर्षांत हजारपटींहून अधिक लहान झाला. उपग्रह, तेलाचे फलाट, केनियाचे शिक्षक, कर्नाटकातल्या बँका, जपान आणि जर्मनीचे करदाते व वीजग्राहक अशा अनेकांनी आपापल्या गरजेपोटी त्याचे पैसे भरले. आपल्या गच्चीवर आज जे स्वस्त पॅनेल येते, त्यात या सर्वांचा वाटा आहे. महिना ९० युनिट वापरणाऱ्या घराच्या वाट्याला ही स्वस्ताई कशी येईल, हा हिशेब अजून पुरा व्हायचा आहे. तो आपल्याच पिढीला आणि आपल्या विद्यार्थ्यांना करायचा आहे.